पिंप दहा मिनिटांत भरतं, त्यानंतर?

नमस्कार मंडळी. हा दोनशे लिटरचा ड्रम मी मुद्दाम उचलून आणला आहे, कारण आजचं सगळं बोलणं याच्याभोवती फिरणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला छपराखाली असं पिंप ठेवायचा विचार कधी ना कधी केला असेल. काहींनी ठेवलंही असेल, आणि एक-दोन पावसाळ्यांनंतर ते उपडं करून कोपऱ्यात सारलं असेल. डास झाले, वास यायला लागला, भिंतीला ओल आली, अशी कारणं मी खूप ऐकली आहेत. या तक्रारींच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. पिंपात पाणी येणार कसं याचा विचार झालेला असतो, पण ते बाहेर जाणार कसं हे कोणी ठरवलेलं नसतं.

आधी थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. छप्पर उतरतं असलं तरी पत्र्याची लांबी मोजायची नाही; छपराने जमिनीवरची जेवढी जागा झाकली आहे तेवढीच धरायची. त्यातही ज्या भागाचं पाणी तुमच्या पन्हळीतून त्या एका पाइपाकडे येतं, तेवढाच भाग. समजा तो ५० चौरस मीटर आहे. १० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० लिटर. काही पाणी छप्पर ओलं होण्यात जातं, काही उडतं, काही पन्हळीबाहेर सांडतं. म्हणून ८० टक्के धरा: ४०० लिटर. म्हणजे एका बऱ्यापैकी सरीत असे दोन ड्रम काठोकाठ.

आता याच हिशेबात वेळ घाला. जोराचा पाऊस तासाला ३० मिलिमीटरच्या वेगाने सहज पडतो. तेव्हा याच छपरावरून मिनिटाला २० लिटर पाणी उतरतं. हा ड्रम दहा मिनिटांत भरतो. पाऊस आणखी दोन तास चालला तर? उरलेलं दोन हजारांहून जास्त लिटर पाणी याच ठिकाणी, तुमच्या भिंतीला लागून येत राहणार आहे. थेंबे थेंबे तळे साचे हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण पन्हळीच्या तोंडाशी उभं राहून बघा. तिथे थेंब येत नाहीत, लोंढा येतो.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. माझ्या पहिल्या पिंपाला पाणी आणणारा पाइप तीन इंची होता आणि जादा पाणी जायला मी बसवली होती अर्ध्या इंचाची नळी. तेवढी पुरेल असं मला वाटलं होतं. पावसाळाभर पाणी झाकणाच्या कडेवरून ओसंडत राहिलं आणि पिंपाच्या मागच्या बाजूने भिंतीलगत मुरत राहिलं. मी समोरून बघायचो, पिंप भरलेलं दिसायचं, समाधान वाटायचं. एके सकाळी पिंप एका अंगाला कललेलं दिसलं. खालच्या विटांपैकी भिंतीकडची ओळ चार बोटं खचली होती. पिंप रिकामं करून सरकवलं आणि मागच्या भिंतीवर हात ठेवला, तर गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा सुटून हातात आला. त्याची मागची बाजू ओल्या बिस्किटासारखी मऊ झाली होती. ज्या घरासाठी पाणी साठवत होतो, त्याच घराच्या पायात मी ते ओतत होतो.

म्हणून माझा पहिला आग्रह हा, की जादा पाण्याचा पाइप आत येणाऱ्या पाइपाइतकाच जाड हवा. येणारा तीन इंची असेल तर जाणाराही तीन इंची. त्याचं भोक झाकणाच्या थोडं खाली घ्या, आणि तिथून पाइप भिंतीपासून किमान दोन-तीन मीटर लांब न्या. तिथे झाडांचं आळं असेल तर उत्तम, किंवा खडी भरलेला शोषखड्डा करा. त्या वाटेला बाहेरच्या बाजूला उतार आहे ना, हे बादलीभर पाणी ओतून आधी बघून घ्या. दुसरा मार्गही चांगला आहे: जुना पावसाळी पाइप न कापता त्याच्यावर फाटा बसवायचा. पिंप भरलं की पाणी आपोआप मूळ पाइपातून पूर्वीसारखं खाली जातं. ज्यांच्या घराला पाणी वाहून नेणारी गटाराची नीट सोय आधीपासून आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा असं मला वाटतं.

आता बैठक. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो वजन. तीन मोठी माणसं एका स्टुलावर उभी राहिली तर तुम्ही स्टुलाचे पाय तपासाल ना? तशीच ही बैठक तपासा. माती ठोकून घट्ट करा, वर खडीचा थर द्या, त्यावर काँक्रीटचे ब्लॉक रचा आणि पाणसळ ठेवून दोन्ही दिशांना पातळी बघा. नुसत्या मातीवर विटा रचू नका. गॅलरीत किंवा गच्चीच्या कडेला भरलेले ड्रम ठेवायचे असतील तर बांधकाम जाणणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय ठेवू नका. एकाला एक जोडून तीन ड्रम ठेवले की ते सहाशे किलो होतात.

बैठक दीड-दोन फूट उंच असली की तोटीखाली बादली मावते. पाण्याचा दाबही उंचीवर ठरतो, पिंप किती मोठं आहे यावर नाही. एक मीटर उंचीच्या पाण्याने साधारण ०.१ बार दाब मिळतो. इतक्या दाबावर झारी भरते, जमिनीवर पसरलेल्या नळीतून पाणी सावकाश वाहतं, पण फवारा उडत नाही. ठिबकचे बहुतेक संच याहून कितीतरी जास्त दाब मागतात, त्यामुळे पिंपाला थेट ठिबक जोडून निराश झालेली माणसं मला भेटतात. तोटी मात्र अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची घ्या, आणि पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह घ्या. दाब कमी असला की वाट मोठी लागते.

तोटी बसवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण गळती इथेच होते. भोक तळापासून चार बोटं वर घ्या, म्हणजे खाली बसलेला गाळ तोटीत येत नाही. गरम सळईने भोक पाडू नका, कडा वितळून वेडीवाकडी होते आणि वॉशर तिच्यावर बसत नाही. होल सॉने, म्हणजे ड्रिलला लागणाऱ्या गोल करवतीने, भोक घ्या, आतली-बाहेरची कूस ब्लेडने खरवडा. मग टँक निपल, म्हणजे ज्याला बाहेरून तोटी लागते तो आट्यांचा छोटा तुकडा, आतून बाहेर घाला, रबरी वॉशर आतल्या बाजूला, नट बाहेरून. हाताने आवळून झाल्यावर पान्याने जेमतेम पाव फेरा. जास्त आवळलं की वॉशर बाजूला फुगून सरकतो आणि तिथूनच पाणी झिरपतं.

यावरून ड्रम कोणता घ्यायचा हेही ठरतं. या ड्रमचं अख्खं झाकण निघतं आणि कडीने आवळून बसतं. हात आत खांद्यापर्यंत जातो, घासता येतो, निपल बसवता येतो. वर दोन छोटी बुचंच असलेला बंद ड्रम मिळाला तरी काम होतं. बुचातून दोरी आत सोडायची, खालच्या भोकातून तारेच्या आकड्याने तिचं टोक बाहेर ओढायचं, वरच्या टोकाला निपल ओवायचा आणि दोरीवरून घसरत तो भोकाशी आणायचा. पण असा ड्रम आतून घासता येत नाही, आणि ते का महत्त्वाचं आहे हे पुढे येईलच. ड्रममध्ये आधी काय होतं ते मात्र विचाराच. कीटकनाशक, रंग, ऑइल, सॉल्व्हंट यांचा ड्रम कितीही धुतला तरी घेऊ नका. खाद्यपदार्थांचा ड्रम घ्या. तळाशी त्रिकोणात २ आकडा असेल तर ते एचडीपीई, म्हणजे या कामाला योग्य प्लास्टिक.

मागे एकदा मी काचेचे दोन ग्लास पन्हळीखाली भरले होते. पहिला पावसाच्या सुरुवातीला, दुसरा पंधरा मिनिटांनी. पहिल्यातलं पाणी फिकट चहासारखं, तळाशी काळी रेती, वर पक्ष्याच्या पिसाचा तुकडा. दुसरा ग्लास पुस्तकावर ठेवला तर अक्षरं वाचता येत होती. छपरावरची धूळ, विष्ठा, सुकलेला पाला हे सगळं सुरुवातीच्या पाण्याबरोबर उतरतं, म्हणून ते पाणी पिंपात घ्यायचंच नाही. दर चौरस मीटरला किमान अर्धा लिटर सोडून द्यायचं, म्हणजे आपल्या ५० चौरस मीटरच्या छपराला २५ लिटर. त्यासाठी चार इंची पाइपाचा तीन मीटरचा उभा तुकडा, खालून बंद, पिंपाच्या वाटेआधी जोडायचा. आधी तो भरतो, मग पाणी पिंपाकडे वळतं. खालच्या बुचाला बारीक भोक ठेवलं की पाऊस थांबल्यावर तो थेंब थेंब रिकामा होतो आणि पुढच्या सरीला तयार राहतो. हे भोक गाळाने बुजतं, तेव्हा महिन्यातून एकदा बूच उघडून बघायला हवं.

आता डास. इथे मला अजिबात तडजोड नको आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास घराजवळच्या साठवलेल्या, तुलनेने स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपण त्याच्यासाठीच सोय करतो आहोत, अशी ही जागा आहे. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून बारीक जाळी हवी, भोकं एक मिलिमीटरपेक्षा लहान. ती पाणी येतं त्या तोंडावर तर लागतेच, पण जादा पाणी जातं त्या पाइपाच्या टोकावरही लागते. या दुसऱ्या जागी ती नसते आणि लोक झाकणाकडे बघून चक्रावतात. जाळीत पाला अडकला की पाण्याची वाट अडते, तेव्हा तीही साफ करावी लागते. झाकणाच्या वरच्या खोलगट भागात साचलेलं वाटीभर पाणीसुद्धा त्यांना पुरतं; तिथे उतार द्या किंवा ते पुसून काढा.

एवढं करूनही पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर तेल ओतू नका, तेच पाणी पुढे झाडांना जाणार आहे. बीटीआय नावाचं जिवाणूजन्य औषध मिळतं, ते अळ्या मारतं आणि झाडांना अपाय करत नाही. नाहीतर सरळ पिंप रिकामं करा. पाण्याची हळहळ वाटते, मलाही वाटते, पण रिकामं करा.

मघाशी एका ताईंनी विचारलं की पाणी हिरवं का होतं. उजेडामुळे. अर्धपारदर्शक पांढऱ्या ड्रममधून उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. गडद रंगाचा जाड ड्रम घ्या, किंवा बाहेरून काळा रंग द्या, आणि सावलीत ठेवा. दुसरा प्रश्न पिण्याचा होता. या साध्या मांडणीतलं पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही वापरू नका. छपरावरची विष्ठा म्हणजे जंतू, आणि ते पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात असतात. जुन्या छपराला शिशाचा रंग असू शकतो, ॲस्बेस्टॉसचे पत्रे असू शकतात. तशा छपराचं पाणी भाजीपाल्यालाही नको. चांगल्या छपराचं पाणी झाडांना, फरशी धुवायला, संडासात ओतायला, गाडी पुसायला खुशाल वापरा. कच्ची खायची पालेभाजी असेल तर पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे कुंड्यांच्या काठांवर पांढरे थर धरत नाहीत आणि साबणालाही छान फेस येतो.

एका पिंपाने घराची पाणीटंचाई संपत नाही, आणि संपेल असं मी कोणालाही सांगत नाही. रोज वीस लिटर झाडांना लागत असतील तर हा ड्रम दहा दिवस जातो. दोन सरींमधला खंड तो भागवतो, आणि पाऊस आला की पुन्हा भरतो. त्यामुळे पाणी जपून न ठेवता वापरत राहा. सर येणार असं दिसलं की पिंप रिकामं असलेलं बरं. दोन-तीन पिंपं हवी असतील तर ती एकाच पातळीवर ठेवून तळाशी पाइपाने जोडा, सगळ्यांत पाणी सारख्याच उंचीवर राहतं. प्रत्येकाच्या झाकणाला हवा जायला जाळी लावलेलं भोक मात्र ठेवा, नाहीतर पाणी अडखळत येतं. आणि घरात लहान मुलं असतील तर झाकण कडीने आवळलेलंच असू दे.

पाऊस संपला की पिंप पूर्ण रिकामं करा, गाळ काढा, आणि आतल्या भिंती घट्ट ब्रशने घासा. नुसतं पाणी मारून चालत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या थोडी वर भिंतीला चिकटलेली असतात, बारीक काळ्या ठिपक्यांसारखी. कोरडी पडली तरी ती महिनोन् महिने तग धरतात आणि पुढच्या वर्षी पाणी चढलं की फुटतात. म्हणूनच खांद्यापर्यंत हात जाणारा हा ड्रम. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे तर तो रिकामा ठेवायलाच हवा, कारण बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि प्लास्टिक तडकतं. घासून झालं की तोटी उघडी सोडा, उन्हात वाळवा, झाकण लावा. ज्यांना निपल हाताळून बघायचा आहे त्यांनी आता पुढे या, दोन-तीन जास्तीचे वॉशरही आणले आहेत.