गिऱ्हाईक नसलेला बाजार

(दृश्य: वळणावळणाच्या रस्त्यावरून जाणारी पोर्श मकान.)

2024 च्या वसंतात पोर्शने पेट्रोलवरची मकान युरोपीय संघात विकणं थांबवलं. गाडी चांगली खपत होती. धुराच्या चाचणीत ती नापास झाली नव्हती, ब्रेकचीही तक्रार नव्हती. अडलं ते सायबर सुरक्षेच्या नव्या नियमापाशी. गाडीची इलेक्ट्रॉनिक रचना जुनी. नियमात बसवायची तर आतलं बरंच काही उलगडून पुन्हा करावं लागणार. कंपनीने खर्चाचा हिशेब मांडला आणि गाडीच मागे घेतली. 718 बॉक्स्टर आणि केमनच्या बहुतेक मॉडेलांचंही तेच झालं. युरोपीय संघाच्या हद्दीबाहेर मात्र याच गाड्या विकल्या जात राहिल्या.

शोरूममध्ये गिऱ्हाईक अॅव्हरेज विचारतं, सनरूफ विचारतं, एअरबॅग किती हे तर आता हटकून विचारतं. "गाडी हॅक होईल का हो?" असं कुणी विचारत नाही. मग ज्या मालाला मागणीच नाही, त्याचा बाजार उभा राहिला कसा?

(दृश्य: अमेरिकेतला महामार्ग. मागून येणारे ट्रक.)

जुलै 2015, सेंट लुईस. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग जीप चेरोकी चालवतोय, वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास. अचानक एसी पूर्ण जोरात सुरू होतो. रेडिओ किंचाळायला लागतो, वायपर फिरू लागतात. मग अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी वेग घेईना. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक हे दोन संशोधक काही मैलांवरच्या एका घरात लॅपटॉप घेऊन बसलेत. प्रयोग ठरवून केलेला होता. काय काय होणार, ते मात्र ग्रीनबर्गला सांगितलेलं नव्हतं.

ते शिरले डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमधून. त्या स्क्रीनला मोबाइल नेटवर्कची जोडणी होती आणि नेटवर्ककडून एक पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, उघडा राहिला होता. तिथून आतल्या एका चिपवरचं सॉफ्टवेअर त्यांनी बदललं, आणि त्या चिपमार्फत ते गाडीच्या आतल्या वायरिंगपर्यंत पोहोचले.

या वायरिंगवर जी भाषा चालते तिचं नाव कॅन. बॉश कंपनीने ती 1986 मध्ये जगापुढे आणली. इंजिन, ब्रेक, दरवाजे, काचा, सगळ्यांचे छोटे संगणक एकाच जोडतारेवर बोलतात. चाळीच्या जिन्यातून कुणी "पाणी आलं!" म्हणून हाक दिली की सगळे हंडे घेऊन धावतात, हाक कुणाची होती ते कोणी पाहत नाही, कॅनचं तसंच आहे. संदेशावर विषयाचा क्रमांक असतो, पाठवणाऱ्याचं नाव नसतं. 1986 मध्ये यात काही चूक नव्हती. बाहेरचा माणूस त्या तारेपर्यंत पोहोचणारच कसा?

(दृश्य: हेडलाइट काढलेली गाडी. लोंबणारा कनेक्टर.)

पोहोचला, तोही इंटरनेटशिवाय. 2022 मध्ये लंडनमध्ये एक टोयोटा आरएव्ही4 चोरीला गेली. तपास येऊन ठेपला हेडलाइटपाशी. चोर बंपर सैल करतात, हेडलाइटचा कनेक्टर ओढून काढतात आणि त्यात आपलं यंत्र जोडतात. यंत्र तारेवर संदेश सोडतं: 'चावी ओळखली.' दरवाजे उघडतात, इंजिन सुरू होतं. ते यंत्र लपवलेलं असतं जेबीएलच्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात. जेबीएल हा हरमन कंपनीचा ब्रँड, आणि त्या जीपमधली स्क्रीनही हरमनचीच. निव्वळ योगायोग, पण मासलेवाईक.

2015 मध्ये जीपच्या बातमीनंतर तीनच दिवसांत जीप बनवणाऱ्या फियाट क्रायस्लरने 14 लाख गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं आणि मालकांना टपालाने पेन ड्राइव्ह पाठवले. पाकिटातून आलेला पेन ड्राइव्ह बिनदिक्कत गाडीत खुपसायचा! सुरक्षेतल्या जाणकारांनी डोक्याला हात लावला.

पण पैसा हलला. इस्रायलमधल्या छोट्या कंपन्यांना मागणी आली. टॉवरसेक हरमननेच घेतली, आर्गस 2017 मध्ये गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या कॉन्टिनेंटलकडे गेली. तरी कारखानदार हात आखडूनच होते. दिसत नाही त्या गोष्टीची किंमत गिऱ्हाइकाकडून वसूल कशी करणार? ही कोंडी फोडली कायद्याने. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचाने जून 2020 मध्ये आर155 हा सायबर सुरक्षेचा नियम मंजूर केला. युरोपीय संघात तो जुलै 2022 पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या गाडीला लागू झाला. पूर्तता नाही तर मंजुरी नाही, मंजुरी नाही तर विक्री नाही. या बाजारातलं खरं गिऱ्हाईक म्हणजे ही मंजुरी.

(दृश्य: हिंजवडी. सकाळची बसची रांग, मग कार्यालयातले स्क्रीन.)

विकलं काय जातं? थोड्या चिप, थोडं सॉफ्टवेअर, आणि खूप सारे कागद. या धंद्यात 'टारा' नावाचा एक तक्ता असतो. गाडीतल्या एकेका भागासाठी लिहायचं: इथून कोण शिरू शकेल, शिरला तर काय बिघडेल, त्याला किती कष्ट पडतील, आपण काय करणार. ओळीमागून ओळ. कारखानदाराने तो पुरवठादाराकडून मागायचा, त्याने त्याच्या व्हेंडरकडून. पुण्यातल्या केपीआयटीसारख्या कंपन्या परदेशी गाड्यांसाठी सॉफ्टवेअर करतात, त्यात हे कामही आलं.

कागद कंटाळवाणे असतात, पण त्यांनी काही खऱ्या सुधारणा घडवल्या. उदाहरणार्थ, कॅनवरच्या संदेशाला आता सांकेतिक सही जोडता येते. मात्र जुन्या कॅनच्या एका संदेशात माहितीला जागा फक्त 8 बाइटची. सही घातली तर मजकूर कुठे ठेवायचा? त्यासाठी नव्या पिढीचा, 64 बाइटपर्यंतचा कॅन लागतो, म्हणजे संगणक नवे, चाचण्या नव्या. जुनी गाडी दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणं स्वस्त पडतं ते यामुळे.

भारतासाठी आर155 च्या धर्तीवर एआयएस-189 आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-190 ही मानकं तयार झाली आहेत. गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर.

(दृश्य: इंग्लंडमधला बंद कारखाना.)

नियम गाडी तपासतो, चोर कारखानाही पाहतो. टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचं उत्पादन सप्टेंबर 2025 मध्ये सायबर हल्ल्यामुळे महिनाभराहून जास्त थांबलं. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान 1.9 अब्ज पौंड, असा तिथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरचा अंदाज. त्यासाठी एकाही गाडीला हात लावावा लागला नव्हता.

(दृश्य: सर्व्हिस सेंटरमध्ये उभी जुनी गाडी.)

राहता राहिला काळाचा प्रश्न. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणीच 15 वर्षांची असते. अमेरिकेत 2022 मध्ये 3जी नेटवर्क बंद झालं, तेव्हा रस्त्यावर धडधाकट पळणाऱ्या अनेक गाड्यांची जोडणी तुटली. आर155 गाडी विकल्यानंतरही लक्ष ठेवायला सांगतो, पण सुरक्षेचे अपडेट अमुक वर्षं द्या, असा आकडा त्यात नाही. वॉरंटीची वर्षं ब्रोशरवर ठळक अक्षरात छापलेली असतात. अपडेट किती वर्षं मिळणार, हे गाडी बुक करताना विचारा आणि लेखी मागा.