रजाचिठ्ठीच्या आधी

[दृश्य: खंडेराव मार्केट. कॅमेरा मागच्या बाजारातून फिरत पुढच्या दरवाजापाशी येतो.]

मागे भाजी आणि फळं, पुढे महापालिकेची मुख्य कचेरी. सयाजीराव महाराजांनी खंडेराव महाराजांच्या नावानं उभारलेली ही इमारत बडोदेकरांच्या रोजच्या पायाखालची. वेरा, म्हणजे कर, भरायला म्हणा, दाखल्यासाठी म्हणा, आपण कधी ना कधी महापालिकेचं दार गाठतोच. घर बांधायचं ठरलं की मात्र या कारभाराची वेगळीच ओळख होते. माणूस घराचा नकाशा घेऊन येतो. खाली हॉल, वर दोन खोल्या, जिना बाहेरून. त्याला वाटतं, आता घराबद्दल बोलणं होईल. बोलणं निघतं ते जमिनीचं. सर्व्हे नंबर कुठला? टी.पी., म्हणजे नगररचना योजना, पडली आहे का? एफ फॉर्म आणलात?

रजाचिठ्ठीच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या, अर्जात घराचे प्रश्न थोडे असतात आणि तुलनेनं सोपे असतात. ही जमीन नेमकी कोणती, ती कोणाची आणि तिच्यावर काय करायला मुभा आहे, हे सिद्ध करण्यातच अर्जदाराचा दम निघतो.

[दृश्य: भायली. एका बाजूला नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला शेताचा बांध.]

दांडिया बाजार, रावपुऱ्यातली बरीच मराठी घरं गेल्या काही वर्षांत वासणा-भायलीकडे सरकली. भायली 2020 साली महापालिकेत आलं. सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा, करोडिया आणि वडदला ही गावंही त्याच वेळी आली. तोवर या भागाचं नियोजन वुडाकडे होतं. वुडा म्हणजे 1978मध्ये स्थापन झालेलं वडोदरा शहरी विकास प्राधिकरण.

इथल्या जमिनीला एकाच वेळी तीन-तीन नंबर असतात, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

शेत होतं तेव्हाचा सर्व्हे नंबर. टी.पी. स्कीम आखायला घेतली की त्याच शेताला मिळतो ओ.पी. नंबर, म्हणजे मूळ खंड. मग परिसरातली सगळी शेतं कागदावर एकत्र धरली जातात. त्यातून रस्ते निघतात, बाग आणि शाळा निघतात, गरिबांच्या घरांसाठी जागा निघते. रस्ते-गटारांचा खर्च भागवायला विकता येईल अशीही काही जमीन बाजूला काढतात. उरलेली जमीन चौकोनी आखून मूळ मालकांना परत देतात. परत मिळतो तो एफ.पी., फायनल प्लॉट. साधारण चाळीस टक्के जमीन जाते. म्हणजे 10,000 चौरस मीटरचं वाकडंतिकडं शेत असेल, तर रस्त्याला लागलेला 6,000 मीटरचा सरळ तुकडा हातात येतो, आणि तो जुन्या जागेवरच असेल असं नाही.

ऐकायला हे कठोर वाटतं. पण सरळ भूसंपादनात ज्याच्या शेतातून रस्ता गेला त्याचं सगळंच जातं आणि शेजारी विनासायास रस्त्यालगतचा होतो. इथे तोटा सगळ्यांत वाटला जातो. फायदाही वाटला जातो, कारण योजनेमुळे जमिनीची किंमत वाढते, त्या वाढीच्या जास्तीत जास्त निम्म्या रकमेपर्यंत मालकाकडून बेटरमेंट चार्ज घेता येतो. गावाबाहेरची जमीन शहरात आणायची, तर याहून न्याय्य पद्धत आम्हाला तरी दिसलेली नाही.

अडचण आहे ती वेळेची. योजना आधी ड्राफ्ट, मग प्रिलिमिनरी, मग फायनल, अशा पायऱ्यांनी पुढे जाते आणि त्यात वर्षं जातात. सरकारनं मंजूर केलेली प्रिलिमिनरी किंवा फायनल योजना 1976च्या गुजरात नगररचना कायद्याचाच भाग समजली जाते. भिंतीवर लावलेल्या नकाशातल्या रेघेला तेव्हा कायद्याचा जोर येतो. तोवर मात्र प्लॉटची हद्द थोडी इकडे, थोडी तिकडे होऊ शकते. म्हणून अशा भागात अर्ज केला की नगररचना अधिकाऱ्याचा अभिप्राय मागतात, सोबत पार्ट प्लॅन, म्हणजे योजनेच्या नकाशातला आपल्या प्लॉटपुरता भाग, आणि एफ फॉर्म लागतो. एफ फॉर्मवर मालकाचं नाव, ओ.पी., एफ.पी. आणि दोन्हींचं क्षेत्रफळ एका ओळीत असतं. दस्तावेजात सर्व्हे नंबर आणि जुनं क्षेत्रफळ, एफ फॉर्ममध्ये एफ.पी. आणि नवं क्षेत्रफळ. हे दोन कागद एकमेकांशी जुळवून घेतल्याशिवाय आर्किटेक्टला पेन्सिल उचलू देऊ नये.

[दृश्य: टेबलावर सातबारा, एन.ए.चा हुकूम, झोनिंग सर्टिफिकेट.]

आता एका महागड्या गैरसमजाबद्दल. ‘प्लॉट एन.ए. आहे, काही काळजी नाही’ हे वाक्य बडोद्यात प्रत्येक दलालाच्या तोंडी असतं. एन.ए. म्हणजे बिनखेतीची परवानगी, ती महसूल खात्याची. कलेक्टर कचेरीचा हा हुकूम जमीन शेतीतून बाहेर काढतो, एवढंच. तिथे राहती घरं चालतील की कारखाना, हे ठरतं विकास आराखड्यातल्या झोनवरून. आणि त्या झोनमध्ये, त्या रस्त्यावर, तुमची ही इमारत उभी राहू शकते का, याचं उत्तर बांधकाम परवानगी शाखा देते. एक हुकूम दाखवला म्हणून दुसरी कचेरी मान डोलावत नाही.

झोन बदलून देतो म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहावं. मंजूर आराखड्यात फेरफार करण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे, आणि त्याला जाहीर सूचना, हरकती असा सगळा रस्ता चालावा लागतो.

प्रत्यक्ष अर्ज आता ऑनलाइन, ओडीपीएस या परवानगीच्या पोर्टलवर. तो नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत करायचा. नकाशा 2017च्या सीजीडीसीआर, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमांवर तपासला जातो: मार्जिन (घराभोवती सोडायची जागा), पार्किंग, एफ.एस.आय. (प्लॉटच्या मानानं किती बांधता येईल). यातलं पुष्कळसं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता अरुंद असेल तर उंचीही कमी, दुकान-दवाखान्याची मुभाही कमी. हे काम इंजिनिअरचं, आपण त्यात फार डोकं घालायची गरज नाही.

[दृश्य: कालाघोडा पुलावरून विश्वामित्री. नंतर निझामपुऱ्यात घरांच्या मधून वाहणारी भूखी कांस, म्हणजे ओढा.]

पण एका गोष्टीत स्वतः डोकं घालावं. पाण्याच्या.

ऑगस्ट 2024च्या अखेरीस विश्वामित्रीनं 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी 35 फुटांच्याही वर गेलं. आजवा तलावाचं पाणी, वरच्या भागातला पाऊस, सगळं या एका वळणावळणाच्या नदीतून जातं. समा, अकोटा, वडसर पाण्याखाली गेलं, मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. टीव्हीवर मगरी फार दिसल्या, नदीकडे पाणी नेणाऱ्या भूखी, रूपारेल, मसिया या कांसांची चर्चा त्या मानानं कमी झाली. उन्हाळ्यात कांस म्हणजे गवतानं भरलेला खड्डा वाटतो. प्लॉट बघायला माणसं उन्हाळ्यातच जातात.

नियमांप्रमाणे नदीकाठापासून सर्वसाधारणपणे 30 मीटर आणि कांस, तळं यांपासून 9 मीटर जागा मोकळी सोडायची असते. छोट्या प्लॉटमध्ये 9 मीटर म्हणजे जवळजवळ अख्खं घर. विक्रेत्याच्या रंगीत ब्रोशरमध्ये कांस बहुधा ‘ग्रीन बेल्ट’ झालेली असते. पार्ट प्लॅनवर ती कांसच राहते. तो कागद व्यवहाराआधी मिळवता येतो, आणि खरी गरज तेव्हाच असते.

[दृश्य: दांडिया बाजार. जुन्या वाड्याचा लाकडी दरवाजा, आतला चौक.]

शहराच्या आत वेगळी कथा. इथे सर्व्हे नंबर नाही, सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि टिका नंबर. कार्डावर पणजोबांचं नाव. वारस पुण्यात, न्यू जर्सीत, एक मांजलपुरात, आणि त्यांचं आपसात बोलणं बंद. नव्या बांधकामाचं सोडाच, तळमजल्यावर क्लास किंवा खानावळ सुरू करायची तरी तो कायद्यानं वापरातला बदल होतो, आणि अशा बदलाला परवानगी लागते. ‘भिंतसुद्धा हलवली नाही हो’ हा बचाव चालत नाही. अर्जावर सही लागते मालकाची, म्हणून आधी वारसाई नोंदवून घ्यावी लागते. ते काम आजीच्या हयातीत सोपं असतं. नंतर प्रत्येक कागदाला चार पत्ते आणि दोन कुलमुखत्यारपत्रं जोडावी लागतात.

रजाचिठ्ठी हातात आली, पेढे वाटले, घर उभं राहिलं, तरी एक कागद उरतो. बी.यू., म्हणजे वापराची परवानगी. मंजूर नकाशाप्रमाणेच बांधलंय हे तपासून ती देतात. मार्जिनमध्ये पत्र्याची शेड टाकली, बाल्कनी खोलीत घेतली, की ती अडते. मग लोक इम्पॅक्ट फीची वाट बघतात. अनधिकृत बांधकाम पैसे भरून नियमित करण्याचे कायदे गुजरातेत 2001मध्ये आले, 2011मध्ये आले, 2022मध्ये पुन्हा आले. पुढचा कधी येईल या भरवशावर कितीतरी घरं बी.यू.शिवाय वसलेली आहेत, आणि ती विकायला काढली की गिऱ्हाईकाची बँक पहिल्यांदा तोच कागद मागते.