पाणी कुठल्या रंगाचं आलं?

[दृश्य: पावसाळी सकाळ. खाणीच्या काठावरून खाली. तळाला साचलेलं पाणी, कडेला थांबलेला पोकलेन.]

पुणे-नगर रस्त्याने वाघोली मागे टाकून लोणीकंदकडे निघालं, की माळ जागोजागी पोखरलेला दिसू लागतो. दक्षिणेला मुळा-मुठा, उत्तरेला इंद्रायणी आणि भीमा. मधल्या उंचवट्यावरचा हा काळा पाषाण फुटतो, खडी होतो आणि पुण्याच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतो.

ही खाण लहान. 5 हेक्टरच्या आतली. एक पोकलेन, एक क्रशर, तीन डंपर. एवढ्याशा खाणीला पूर्वी पर्यावरण मंजुरी लागत नसे. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सांगितलं, 5 हेक्टरखालच्या गौण खनिजालाही, म्हणजे दगड, मुरूम, वाळू यांनाही, मंजुरी हवी. मालकाच्या कपाटातल्या फायली तेव्हापासून वाढत गेल्या. फायली नंतर बघू. आधी पाणी.

[दृश्य: मुकादम खांद्यावर फावडं टाकून खाणीच्या वरच्या अंगाने चालतोय. चर.]

मुकादमाचा दिवस इथून सुरू होतो. काठापासून थोडा हटून खणलेला, गुडघाभर खोल चर. माळावरून वाहत येणारं पाणी खाणीत न पडता या चराने बाजूच्या ओढ्याला लागतं. खाणीला शिवलंच नाही, तर ते साफ करायचा प्रश्नच नाही. आत पडलेलं पाणी मात्र डिझेल जाळून उपसायचं, टाकीत थांबवायचं, मग त्याचा गाळ काढत बसायचं. अख्ख्या खाणीत या चराहून स्वस्त काही नाही, आणि पाहणीला आलेले साहेब सहसा इथवर चढून येत नाहीत.

[दृश्य: चरात अडकलेली बाभळीची फांदी, प्लास्टिकची पिशवी. फावड्याने मोकळं करणं. निवेदन नाही. पाणी सुटल्याचा आवाज येऊ द्या.]

[दृश्य: खाणीचा तळ. पाण्यावर तरंगतं निळं पिंप.]

तरीही थेट पडलेला पाऊस आत साचतोच. तळाच्या एका कोपऱ्यात खड्डा ठेवलाय, सगळा उतार तिकडे. पंपाचा फूटव्हॉल्व, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, तळाला टेकू देत नाहीत. तो या रिकाम्या पिंपाला बांधून पाण्यात अधांतरी सोडलाय, म्हणजे खालचा गाळ ओढला जात नाही. ही युक्ती इथल्याच कुणाची तरी. मंजुरीच्या अटींमध्ये ती सापडणार नाही.

[दृश्य: तीन टाक्या, एकीखाली एक.]

उपसलेलं पाणी पहिल्या टाकीत पडतं आणि तिथेच त्याचा वेग मोडतो. वाळूसारखा जाड कच काही मिनिटांत तळाला बसतो. दुसऱ्या टाकीआधी डबराचा बांध, त्यातून पाणी पाझरत पुढे. तिसरीत उरते ती चिकणमाती. ती तासन् तास बसत नाही. ओढ्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरला 100 मिलिग्रॅमच्या आत हवा. ते प्रयोगशाळा मोजते. मुकादमाची प्रयोगशाळा ही.

[दृश्य, अगदी जवळून: पत्र्याच्या शेडखाली फळीवर पाण्याच्या तीन बाटल्या.]

रोज तिन्ही टाक्यांतली एकेक बाटली भरून फळीवर ठेवायची आणि बघायचं. करडं पाणी म्हणजे क्रशरची भुकटी वाहून आली. तांबूस आलं, तर वरची माती सुटली. मालकाचा सकाळी फोन येतो, तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो: पाणी कुठल्या रंगाचं आलं?

आम्ही चित्रीकरणाला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडं आलं.

[दृश्य: मुकादम धावत वर. कॅमेरा मागोमाग, हलता.]

चर फुटला होता. रात्री एक डंपर आडवाटेने वळला आणि चाकाने कड ढासळली. हातभर रुंद भगदाड, त्यातून माळाची सगळी माती खाणीत. पोत्यांत मुरूम भरून ते बुजवायला चौघांना अर्धा तास लागला. टाक्या निवळायला किती लागला, ते बाटल्यांत दिसेलच.

[दृश्य: खाणीची उभी भिंत. एका आडव्या रेषेत ओल.]

ही ओल पावसाची नाही. या काळ्या पाषाणाच्या, बेसॉल्टच्या, दोन थरांमधल्या फटींतून येणारा हा पाझर. विहीर खणणाऱ्याला तो दिसला तर नारळ फुटतो, खाणवाल्याला दिसला तर हात थांबवावा लागतो. परवानगीशिवाय भूजलाच्या पातळीखाली खणायचं नाही, अशी अट असते. खणणं कुठे थांबवायचं हे दाखवणारा भिंतीवरचा पांढरा पट्टा त्यासाठीच.

[दृश्य: क्रशर. हॉपरवर फवारे. टँकर रस्ता भिजवतोय.]

उन्हाळ्यात हेच साठवलेलं पाणी धुळीवर मारतात. क्रशरच्या यंत्रांपासून 3 ते 10 मीटरवर मोजलं, तर हवेतली धूळ घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. त्यासाठी वारा अडवणारी भिंत, फवारे, कडेने झाडांचा पट्टा. फवारा बारीक हवा. बदाबदा ओतलं की चाळणी बुजते आणि डंपरची चाकं चिखल घेऊन गावात शिरतात.

[दृश्य: कपाट. फायलींवर धूळ.]

आता फायली. मंजुरीच्या अटी पाळल्याचा, म्हणजे अनुपालन अहवाल वर्षातून दोनदा, 1 जून आणि 1 डिसेंबरला. पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे पाणी आणि प्रदूषणाचा वर्षाचा हिशेब, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे 30 सप्टेंबरपर्यंत. पहिला अहवाल जातो तेव्हा पाऊस यायचा असतो, दुसरा जातो तेव्हा टाक्या निवळलेल्या असतात. चर फुटल्याची सकाळ या तारखांच्या मध्ये कुठेतरी राहून जाते.

[दृश्य: खालच्या अंगाचं शेत. बांधाशी करडा थर. मग जुनी, सोडून दिलेली खाण. काठोकाठ हिरवं पाणी, कुंपण नाही.]

जिथे चर नाहीत, तिथला गाळ खालच्या शेतात उतरतो. आणि सोडून दिलेल्या खाणींत पोहायला गेलेली पोरं बुडतात.

[निवेदन नाही. पाणी, 12 सेकंद.]

[दृश्य: संध्याकाळ. तुळापूरच्या बाजूने ढग. शेडमधली फळी.]

पंप बंद झालाय. पहिल्या बाटलीत तळाला बोटभर थर, वर नितळ पाणी. दुसरी जवळपास तशीच. तिसरी अजून तांबूस आहे. मुकादम ती उचलतो, उजेडासमोर धरतो, आणि उद्यासाठी तिथेच ठेवतो.