दाण्याच्या कुटाचा लांडगा

कार्यक्रमपत्रिकेवर ‘स्टोन्स थ्रो : हिप हॉप आणि पुनर्प्रकाशन’ असा भारदस्त विषय छापलाय. स्टोन्स थ्रो ही अमेरिकेतली रेकॉर्ड कंपनी, म्हणजे लेबल. लोक म्हणतात, तिने आधी हिप हॉप काढलं, मग जुनी गाणी. तो मीच दिलाय, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पण आधी माझ्या काकांचं गाऱ्हाणं ऐका.

आमच्या माळ्यावर काकांच्या तबकड्यांची पत्र्याची ट्रंक होती. एका दिवाळीत साफसफाई निघाली आणि काकूने ट्रंकेसकट सगळं भंगारात काढलं. त्या पैशांत स्टीलचं पातेलं आलं. पुढच्या रविवारी काका मला घेऊन जुन्या बाजारात. तिथे गोणपाटावर, गंजक्या नळांच्या शेजारी, आमचीच तबकडी! कव्हरवर काकांच्या अक्षरात नाव. विकणारा चाळीस सांगतोय. काका म्हणाले, ‘अहो, हे माझं नाव आहे.’ तो म्हणाला, ‘मग तुम्हाला पस्तीसला.’ (हशा) काकांनी घेतली. पातेलं अजून आहे. दूध लागतं त्यात.

हसू नका, सॅम्पलिंग म्हणजे हेच. कुणाच्या तरी माळ्यावरची तबकडी बाजारात येते, हिप हॉपवाली पोरं त्यातला चार मात्रांचा तुकडा उचलतात, तो फिरवत ठेवून त्यावर नवं गाणं बांधतात. कव्हरवरचं नाव वाचायला कुणाला वेळ असतो?

तर कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा ख्रिस मॅनाक. डीजे म्हणून घेतलेलं नाव पीनट बटर वुल्फ. आपल्याकडे असता तर दाण्याच्या कुटाचा लांडगा. चरिझ्मा हा त्याचा रॅपर जोडीदार. डिसेंबर १९९३ मध्ये चरिझ्माला गोळ्या घातल्या. वीस वर्षांचा होता. १९९६ मध्ये वुल्फने स्टोन्स थ्रो हे लेबल काढलं आणि पहिली तबकडी काढली ती या दोघांची, मित्र गेल्यावर पडून राहिलेली. म्हणून मला लोकांचं ते ‘आधी हिप हॉप, मग जुनी गाणी’ पटत नाही. या लेबलाने पहिल्याच दिवशी मागे राहिलेला आवाज बाहेर काढला होता.

पाच मिनिटं उरलीत असं खुणावताहेत. मुख्य मुद्दा तर आत्ता सुरू होतोय! भराभर सांगतो. २००१ मध्ये ‘द फंकी सिक्स्टीन कॉर्नर्स’ हा जुन्या गाण्यांचा संग्रह. लेबलच्याच इगन नावाच्या गड्याने गावोगावच्या विसरलेल्या फंक (ठेकेदार, नाचवणारं अमेरिकन संगीत) बँडांच्या छोट्या तबकड्या जमवल्या, वादक शोधले, त्यांना बोलतं केलं. २००४ मध्ये तुकडे जोडून संगीत करणारा मॅडलिब आणि रॅपर एमएफ डूम यांचं ‘मॅडव्हिलनी’. ते प्रकाशनाआधी वर्षभर इंटरनेटवर फुटलेलं, तरी गाजलं. ७ फेब्रुवारी २००६ ला जे डिला या दुसऱ्या संगीतकाराचं ‘डोनट्स’, त्याच्या वाढदिवशी. तीन दिवसांनी तो गेला. २००७ मध्ये मॅडलिबने हिंदी सिनेसंगीताचे तुकडे जोडून अख्खा अल्बम केला. म्हणजे आपल्याच ट्रंका! त्यावर वेगळं बोलावं लागेल, बोलवा.

एवढं एकच नीट सांगू द्या. ह्यूस्टनच्या काश्मीर हायस्कूलमध्ये (आपलं काश्मीर नव्हे) कॉनरॅड जॉन्सन हे संगीत शिक्षक. त्यांनी पोरांकडून असा फंक वाजवून घेतला की व्यावसायिक बँडांनी कान धरावेत. त्यांच्या तबकड्याही निघाल्या, पुढे त्या विसरल्या गेल्या. इगनच्या ‘नाऊ-अगेन’ या लेबलने २००६ मध्ये त्या पुन्हा काढल्या. २००८ मध्ये पन्नाशी गाठलेले विद्यार्थी सरांसाठी पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले. सर ९२ वर्षांचे. ते ऐकलं आणि काही दिवसांतच गेले.

घंटा वाजली. काकांची ती पस्तीसची तबकडी आणलीय. दुसरी बाजू लावतो, पहिलीवर नळाचा ओरखडा आहे.