तीन तारांवर उभी काठी

(दृश्य: शिवसागराचा काठ, मे महिन्यातली सकाळ. ओसरलेलं पाणी, भेगाळलेली तांबडी माती.)

कासचं पठार मागं टाकून बामणोलीच्या उताराला लागलं की झाडीतून आधी पाण्याचा एक तुकडा दिसतो. वळणावर दुसरा. आणखी खाली आलं की कळतं, हे सगळं एकच पाणी आहे. कोयनेचा शिवसागर. वर महाबळेश्वरच्या अंगाला तापोळ्यापासून खाली कोयनानगरच्या भिंतीपर्यंत, डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलं 105 टीएमसीचं धरण.

मे महिन्यात हे पाणी काठ सोडून खाली जातं. गेल्या आठवड्यात जिथं लाँच लागत होती तिथं आज कोरडी ढेकळं असतात. धक्का बांधायचा तरी कुठं, असा हा काठ. आणि याच मातीवर, पाण्यापासून वीस पावलांवर, ती बसली आहे.

(दृश्य: कॅटमरानभोवती सावकाश फिरणारा कॅमेरा.)

दोन अरुंद होड्या, मधे ॲल्युमिनियमची चौकट, चौकटीत खाटेसारखं ताणलेलं कापड. लांबी 5 मीटर, वजन साधारण 145 किलो. होबी 16 या बनावटीची ही शिडाची कॅटमरान. लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनवणारे कॅलिफोर्नियाचे होबी आल्टर यांनी 1960च्या दशकाच्या अखेरीस ही बांधणी काढली. तळाला पाण्यात उतरणारी पट्टी नाही. दोन्ही होड्या बाहेरून सपाट, आतून फुगीर. त्या आकारामुळंच वाऱ्यानं ती बाजूला कमी घसरते. तळाला काही नसल्यामुळं ती थेट मातीवर ओढून घेता येते. शिवसागरासारख्या सरकत्या काठाला याहून सोयीची होडी आम्हाला तरी माहीत नाही.

नाव तर आपल्याच बाजूचं. तमिळमध्ये कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. मराठीत त्याला सांगड म्हणतात. सुके भोपळे नाहीतर दोन ओंडके एकत्र बांधून नदी पार करायची, ती सांगड. डोंगरातल्या जिल्ह्यात शीड कशाला, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की कान्होजी आंग्र्यांची सरखेली, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, शाहू महाराजांनी कायम केली ती साताऱ्याच्या गादीवरून.

ही होडी आधी कोकणात समुद्रावर चालली, मग काही वर्षं एका गोदामात पडून राहिली आणि शेवटी ट्रकवरून घाट चढून इथं आली. आणणारे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झालेले. काठावरची पोरं त्यांना तात्या म्हणतात. आपणही तात्याच म्हणू.

(दृश्य: दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली डोलकाठी. तात्या तिच्यावरून हात फिरवत चालत येतात.)

ही डोलकाठी. 8 मीटर लांब, ॲल्युमिनियमची, आतून पोकळ. ही होडीत कुठंही घट्ट रोवलेली नसते. बुडाशी एका गोल बोंडावर ती नुसती टेकते, म्हणून वाऱ्याच्या अंगानं स्वतःभोवती फिरू शकते. तिला उभं धरतात तीन तारा. एक पुढं, दोन बाजूंना. तिन्ही तारा वर एकाच शॅकलला, म्हणजे पिननं बंद होणाऱ्या कडीला, येतात, आणि ते शॅकल अडकतं काठीला रिव्हेट केलेल्या एका स्टीलच्या पट्टीत. कारभार सगळा त्या पट्टीवर.

गेल्या हंगामात डावी तार तुटली. काठी पाण्यात गेली, वर बसलेली दोघं वाचली.

(दृश्य: अगदी जवळून. तारेवरून सरकणारा कापसाचा बोळा.)

उजवी तार शाबूत होती. तात्या तिच्यावरून कापूस फिरवत येतात. बोटं का नाही, ते लगेच दिसतं. टोकापाशी, जिथं तार वळून तांब्याच्या नळीत शिरते, तिथं कापूस अडतो आणि एक पांढरा धागा लटकून राहतो. नीट बघा. केसासारखी एक तार तुटून बाहेर आली आहे, सुईच्या टोकासारखी.

ही 19 तारांची तार. मधे 1, तिच्याभोवती 6, त्यांच्याभोवती 12. सगळी मिळून जाडी 4 मिलिमीटर, आणि ताकद दीड टनाच्या आसपास. 19 मधली एक गेली तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण बाकीच्या अठरांनीही तेच खारं पाणी प्यायलेलं आहे. तात्या तार बाजूला ठेवतात. ती पुन्हा वापरायची नाही, हे ठरवायला त्यांना क्षणसुद्धा लागत नाही.

स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण धरून चालतो. त्याला राखतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि तो थर टिकतो हवेतल्या ऑक्सिजनवर. नळीच्या आत, जिथं मीठ साचून राहतं आणि हवा पोचत नाही, तिथं तो मोडतो आणि परत धरत नाही. बाहेर तार चकाकत असते, आत पोखरत असते.

(दृश्य: रिव्हेटच्या डोक्यावर टेकलेलं ड्रिल. निवेदन थांबतं. ड्रिलचा आवाज. ॲल्युमिनियमचा चुरा.)

रिव्हेटभोवती ही पांढरी भुकटी दिसते ना, ती मीठ नव्हे. ती काठी आहे. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की दोघांत बॅटरीसारखा खेळ सुरू होतो, आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. स्टील तसंच राहतं, त्याच्याखालची जमीन जाते.

डोकं उडालं की उरलेला रिव्हेट पंचनं आत ढकलायचा. तो पोकळ काठीत पडतो. आठ रिव्हेट पडले. मदतीला आलेला बामणोलीचा पोरगा एक टोक उचलतो आणि ते सगळे खुळखुळत उताराला लागतात.

"तात्या, आजून एक हाय आत. अडकलाय."

"असू दे. खालची टोपी काढली की येईल."

(दृश्य: सातारा, एमआयडीसीतलं एक लहान वर्कशॉप. ट्यूबलाइट, लेथ, तेलाचा वास जाणवावा असा उजेड.)

इथून पुढचं काम पाण्यावर होत नाही. ते होतं साताऱ्यात, एका पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्या या चित्रफितीचा जीव खरं तर इथं आहे. परदेशातून सुटा भाग मागवायचा, आठवडेच्या आठवडे वाट बघायची, आणि तोवर होडी मातीत; असं किती वस्तूंचं होतं! इथं मिस्त्री ती पट्टी हातात घेतात, उजेडाकडं धरतात आणि भोकातून बघतात.

"तात्या, भोक गोल राहिलंय कुठं? अंडं झालंय ह्याचं."

(दृश्य: व्हर्नियरचे जबडे भोकात. काटा जवळून.)

एका बाजूनं 8 मिलिमीटर. व्हर्नियर काटकोनात फिरवला, 9.6. म्हणजे शॅकलची पिन वर्षानुवर्षं एकाच दिशेनं ओढत राहिली आणि स्टीलला तिनं दीड मिलिमीटरहून जास्त खाल्लं. पिनही मधे बारीक झालेली. खिळखिळ्या सांध्यात भार हळू येत नाही, वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर हिसका बसतो.

नवी पट्टी 316 या जातीच्या स्टेनलेसची करायची ठरलं. मिस्त्रींच्या रॅकवर साधं 304 भरपूर होतं. चुंबकानं दोन्हींतला फरक कळत नाही. फरक असतो मॉलिब्डेनमचा, 316 मध्ये तो 2 ते 3 टक्के असतो आणि खाऱ्या पाण्यात तोच तग धरतो. त्यासाठी थेंबभर रसायन टाकून रंग बघावा लागतो. इथलं पाणी गोडं आहे, मग 304 का नको, असं आम्हीच विचारलं. तात्या म्हणाले, होडी उद्या पुन्हा समुद्रावर गेली तर? एवढ्या उत्तरावर मिस्त्रींनी एक फोन केला आणि दुसऱ्या शेडमधून तुकडा मागवला.

पट्टी कापली, वाकवली. वाकवताना बाक गोलसर ठेवला, कारण धारदार कोपऱ्यातूनच चीर सुरू होते. भोक आधी लहान पाडलं, मग रीमरनं मापाला आणलं. कडा कानसीनं मोडल्या. शेवटी पॉलिश. ते चमकीसाठी नव्हे. गुळगुळीत पृष्ठभागावर मीठ ठरत नाही म्हणून.

(दृश्य: लेथवर फिरणारा पांढरा दांडा. हत्याराच्या टोकातून सुटणारी लांब, अखंड पांढरी फीत.)

हे बघत राहावंसं वाटतं. डोलकाठीच्या बुडाशी जी चकती असते, काठी जिच्यावर फिरते, ती डेलरिन या कठीण प्लास्टिकच्या दांड्यातून निघते आहे. जुनी चकती झिजून कागदासारखी झाली होती, आणि एका कडेला धातूवर धातू घासत होता. मिस्त्री एक काप घेतात, मोजतात, आणखी एक घेतात. शेवटचा काप इतका पातळ, की फीत जमिनीवर पडताना तरंगते. त्यांनी आयुष्यात शिडाची होडी बघितलेली नाही. ट्रॅक्टरचे बुश, उसाच्या चरकाचे भाग, पंपाचे शाफ्ट, हे त्यांचं रोजचं. चकती बोंडावर ठेवून त्यांनी एका बोटानं फिरवली. फिरली.

असे हात साताऱ्यात आहेत, सांगलीत आहेत, कोल्हापुरात आहेत. यंत्र मोडलं की ते आधी उघडून बघणारी ही माणसं. त्यांच्याकडं काम न्यायला हवं.

(दृश्य: पुन्हा काठ. काठीवर पिवळ्या लेपाचा हात.)

पट्टी बसवण्याआधी काठीवर झिंक क्रोमेटचा पिवळा लेप. दोन धातूंमधे पडदा. क्रोमेट विषारी असतं, म्हणून हातमोजे. भार पडतो तिथं मोनेलचे रिव्हेट, म्हणजे निकेल आणि तांब्याचे; बारीकसारीक ठिकाणी ॲल्युमिनियमचे. प्रत्येक रिव्हेट लेपात बुडवूनच भोकात. नव्या तारा एका खिळ्याला टांगून जोडीनं मोजल्या, दोन्ही तंतोतंत सारख्या. एक बोटभर फरक राहिला तर काठी कायम एका अंगाला झुकलेली.

(दृश्य: तिघं जण काठी उभी करताना.)

आधी सगळे वर बघतात. विजेच्या तारा नाहीत ना? ॲल्युमिनियमची 8 मीटरची काठी तारेला लागली तर हात सोडायलाही वेळ मिळत नाही. आभाळ मोकळं आहे. बुडाला पिन घातली. तात्या कापडावर उभे, काठी खांद्यावर. पोरगा पुढची तार धरून मागं मागं सरकतो.

"ओढ रं. थांब. ओढ."

(निवेदन नाही. काठी उभी राहते. तारा ताणल्याचा आवाज.)

(दृश्य: दुपार. पांढरं शीड. दूरवर वासोट्याकडून परतणारी एक मोटरबोट.)

दुपारनंतर पश्चिमेकडून घाटमाथ्यावरून वारं येतं. या पाण्याखाली गावं आहेत. तिथली माणसं उठून दूर गेली आणि पुनर्वसनाचं सगळं अजून मिटलेलं नाही. त्याच पाण्यावर ही होडी आज डिझेलशिवाय चालते आहे. मोटरबोट लांब गेली की तारांची शीळ ऐकू येते.

(दृश्य: संध्याकाळ. होडी मातीवर. तात्या बाजूची तार हातानं दाबून बघतात.)

नवी तार पहिल्या दिवशी थोडी बसते, तिचे वळसे एकमेकांत घट्ट होतात. डावी जरा सैल वाटली. तात्या पिन काढतात, पोरगा काठीला टेका देतो. खालच्या पट्टीवर पिन होती चौथ्या भोकात. आता तिसऱ्यात. वर टाचणी लावली, टोक वळवलं, त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे, म्हणजे शीड तिथं फाटायला नको.

"उजवीला पण बघू का?"

"बघ. कापूस घे."