ठाणे, पैठण आणि श्टाट: एका धातूची भावकी

नमस्कार मंडळी. जेवणं झालीयेत, तर लगेच मुद्द्यावर येतो. आज स्था या संस्कृत धातूबद्दल, म्हणजे क्रियापदाच्या मुळाबद्दल बोलायचंय. स्था म्हणजे उभं राहणं, थांबणं. तिष्ठति हे त्याचंच रूप, आणि इथे या जर्मन मुलखात परमिटसाठी ऑफिसबाहेर आपण तिष्ठत बसतो ते तिष्ठणंही तेच.

संस्था, व्यवस्था, निष्ठा हे शब्द आपण जसेच्या तसे घेतले. मला जास्त जीव लावतात ते प्राकृतातून झिजत आलेले. उठणं म्हणजे उद् अधिक स्था, ठेवणं आलं स्थापयतिवरून, म्हणजे उभं करणं. शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक म्हटलेलं गाव आज ठाणे आहे, आणि सातवाहनांचं प्रतिष्ठान पइट्ठाण होत होत आपलं पैठण झालं.

आता इथली जर्मन बघा. उभं राहणं म्हणजे श्टेएन, आणि शहराला म्हणतात श्टाट, तर हा श्टाट आणि आपली स्थिति अगदी सख्खी भावंडं, तोच धातू आणि तोच ति प्रत्यय. फारसीतला स्तान, लॅटिनमधलं स्तारे, त्यावरून स्टेशन, स्टेट आणि आपलं व्हिसाचं स्टेटस, सगळी एकच भावकी.

पण व्हॉट्सॲपवर फिरतं तसं जर्मन काही संस्कृतातून निघालेली नाही. दोघी बहिणी, आईचा एकही लेख सापडलेला नाही. 1786 मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स या संस्कृत शिकलेल्या इंग्रज न्यायाधीशांनी हेच म्हटलं होतं, की मूळ भाषा कदाचित आता उरली नसेल, आणि पुरावा म्हणून धातूंकडे आणि व्याकरणातल्या रूपांकडे बोट दाखवलं होतं.

सगळ्यात भारी भाग आपल्या थ चा. बाकी बहिणींकडे त, आपल्याकडेच थ का? सोस्यूर नावाच्या विशीतल्या पोराने 1879 च्या ग्रंथात मूळ भाषेतले काही हरवलेले आवाज नुसत्या हिशोबाने मांडले, पुढे तुर्कस्तानात मातीच्या पाट्यांवर हित्ती ही याच घरातली प्राचीन भाषा सापडली, ती वाचता आली, आणि 1927 मध्ये कुरिलोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की तिच्यात तसा एक आवाज ह सारखा लिहिलेला आहे! त नंतर लगेच तो आवाज आला की संस्कृतात थ, असा तो उलगडा.

दिसायला सारखं म्हणून मात्र नातं जोडू नका. बैठक या घरातली नाही, ती उपविष्टवरून आलीये, तिथे धातू विश्.

तुमच्या गावाकडचे असे ठ वाले शब्द आठवले तर चहाच्या वेळी सांगा, विशेषतः कोकण आणि खान्देशातल्या लोकांनी, मी वही आणलीये.