थॅडियस स्टीव्हन्स : कायद्याचा शब्द आणि हक्काची जमीन

अमेरिकेतील गुलामगिरीच्या निर्मूलनाशी पेनसिल्व्हेनिया राज्यातील वकील आणि राजकारणी थॅडियस स्टीव्हन्स यांचे नाव कायमचे जोडलेले आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु त्यांच्या वकिलीतला १८२१ सालचा एक खटला आधी सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. चॅरिटी बटलर ही गुलाम स्त्री स्वतःचे आणि आपल्या मुलांचे स्वातंत्र्य मागत होती. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेल्या गुलामाला राज्यात सहा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तो मुक्त होत असे. चॅरिटीचा मुक्काम सगळा मिळून तेवढा भरत होता. पण तो सलग नव्हता. मालकाचे वकील असलेल्या स्टीव्हन्स यांनी नेमके यावरच बोट ठेवले, न्यायालयाने ते ग्राह्य धरले आणि चॅरिटीचा दावा फेटाळला गेला.

एका शब्दाच्या अर्थाने माणूस गुलामीत ढकलला जातो, हे ज्याने स्वतःच्या युक्तिवादाने सिद्ध केले, तो पुढे कायद्याची भाषा इतक्या काटेकोरपणे पारखू लागला, याचे मला नवल वाटत नाही. १७९२ मध्ये व्हर्माँटमध्ये गरिबीत आणि अधू पायासह जन्मलेल्या स्टीव्हन्स यांनी १८३५ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत मोफत शाळांचा कायदा रद्द होण्यापासून वाचवला. राज्याच्या सिनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, तो रद्द करण्याच्या बाजूने मत दिले होते. वातावरण फिरले ते त्यांच्या भाषणाने. १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेने मताधिकार केवळ गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, तेव्हा त्यांनी तिच्यावर सही करण्याचे नाकारले. पळून आलेल्या गुलामांची बाजू ते न्यायालयात मांडत राहिले.

उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांमधील यादवी युद्धाच्या काळात प्रतिनिधिगृहातील, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहातील, अर्थविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून युद्धाच्या खर्चाची तजवीज करण्याचा मोठा भार त्यांच्यावर होता. मुक्त झालेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती त्यांना अपुरी वाटत होती, तरीही १८६६ मध्ये त्यांनी ती स्वीकारली. आपण देवदूतांत नव्हे, माणसांत राहतो, असे त्यांनी सभागृहाला सांगितले.

त्यांची खरी थोरवी मात्र मला जमिनीच्या प्रश्नात दिसते. मुक्त झालेल्या माणसाला मत मिळाले आणि पोट मालकाच्याच हाती राहिले, तर त्या मताचा उपयोग तो निर्भयपणे कसा करणार? म्हणून दक्षिणेतील बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त कराव्यात आणि प्रत्येक मुक्त झालेल्या प्रौढ पुरुषाला ४० एकर द्यावेत, अशी मागणी त्यांनी १८६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथील भाषणात केली आणि १८६७ मध्ये तसे विधेयकही मांडले. मालमत्तेचा हक्क पवित्र मानणाऱ्या त्यांच्याच रिपब्लिकन पक्षातील अनेकांना हे पचले नाही. विधेयक मंजूर झाले नाही. ऑगस्ट १८६८ मध्ये स्टीव्हन्स वारले, आणि दक्षिणेतील असंख्य मुक्त कुटुंबे पुढील कित्येक दशके दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबत राहिली.